अकरा जणांचे डोळे

आमच्या घरात दुपारी एक ते चार कोणालाही न्हाणीघरात जाता येत नसे. सातपूरच्या कॉलनीतलं दोन खोल्यांचं घर, न्हाणीघर चार बाय सहा, आणि त्यात मी, फोटो छापायचा एक एन्लार्जर, तीन ट्रे, दोन बादल्या आणि एक लाल दिवा. पाहुणे आले की आधी पाणी द्यायचं आणि लगेच हा नियम सांगायचा, अशी पद्धत होती. एकदा आमचे मामेसासरे नियम सांगून व्हायच्या आत दार उघडून आत आले. उघड्या पाकिटातले चाळीस कोरे कागद उजेड लागून वाया गेले. मामेसासऱ्यांनी कागद उलटेपालटे करून बघितले आणि म्हणाले, "दिसतायत तर पांढरेच." त्यांना हे समजावणं अवघड होतं की ते आता कायमचे काळे झालेत, फक्त ते अजून त्या कागदांना कळायचंय.

फोटो हे काढायचे. हे म्हणजे माझे मिस्टर. कारखान्यात टर्नर होते, आणि रविवारी बारशी, साखरपुडे, सत्यनारायण. रोल धुवायचा आणि फोटो छापायचे, हे काम माझं. दारावर पाटी त्यांच्या नावाची होती. माझं नाव पाटीवर नव्हतं. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही, आता लिहिताना वाटतंय.

मला हे काम ह्यांनीच शिकवलं, एका दुपारी, आणि चुकीचं शिकवलं. पहिले दोन रोल कोऱ्या काचेसारखे स्वच्छ निघाले. मग मी पावडरच्या पुडीतला इंग्रजी कागद डिक्शनरी घेऊन वाचला. मॅट्रिक झालेली होते, त्याचा संसारात तेवढा एकच उपयोग झाला. त्यात लिहिलं होतं की आधी डेव्हलपर आणि नंतर हायपो. ह्यांनी मला उलटं सांगितलं होतं. डेव्हलपरमध्ये चित्र उमटतं आणि हायपोमध्ये ते पक्कं होतं. आधीच हायपोत घातलं तर पक्कं व्हायला काही उरतच नाही. मी ह्यांना कागद दाखवला. ते म्हणाले, "तेच तर सांगितलं होतं." लग्नाला तेव्हा आठ महिने झाले होते.

डेव्हलपर वीस अंशांना लागतो. नाशिकच्या थंडीत आमच्या बादलीतलं पाणी दहाच्या आसपास असायचं आणि एप्रिलमध्ये नळातूनच चहाचं आधण यायचं. मी आधी घरातला तापाचा थर्मामीटर बुडवून बघितला. तो पस्तीसच्या खाली काही बोलत नाही. मग कोपर बुडवून बघायची सवय लागली, बाळाच्या आंघोळीचं पाणी बघतात तशी. बाळाला हमखास सर्दी होईल इतकं गार असलं की ते वीस.

हल्ली कॉलेजची मुलं पुन्हा जुने कॅमेरे गळ्यात अडकवून माझ्याकडे शिकायला येतात. ते याला अॅनालॉग म्हणतात. आम्ही याला नाइलाज म्हणायचो. एक मुलगी ट्रेमध्ये फोटो उमटताना बघून रडली. मी तिला सांगितलं, बाई, अजून तीस सेकंद आहेत, डोळे पूस आणि कागद हलवत राहा.

लग्न जमवायला द्यायच्या फोटोंबद्दल मात्र मला वर गेल्यावर जाब द्यावा लागणार आहे. कागदावर प्रकाश जितका जास्त वेळ पडेल तितका फोटो गडद होतो. एखाद्या मुलीचा खरा रंग आठ सेकंदांचा असायचा. तिची आई फोटो टाकायला येताना मला बाजूला घेऊन म्हणायची, "वहिनी, जरा उजळ." मी साडेपाच सेकंदांवर दिवा बंद करायची. त्यात मुलीचं नाकही निम्मं नाहीसं व्हायचं, पण नाकाबद्दल कोणी तक्रार केली नाही. एका मुलीला बघायला सिन्नरचे पाहुणे आले आणि त्यांनी विचारलं, "फोटोतली कुठंय?" ती मुलगी त्यांच्यासमोरच पोह्यांचा ट्रे घेऊन उभी होती. दुसऱ्या दिवशी ती एकटी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "वहिनी, मी आहे तशी एक छापून द्या." आठ सेकंदांचा फोटो दिला. तिचं त्याच फोटोवर जमलं. मी त्यानंतर साडेपाच सेकंद बंद केले असं लिहायला आवडलं असतं. केले नाहीत. सहावर आणले.

आता डोळ्यांचं सांगते. ते सांगायला म्हणून हा लेख लिहायला घेतला.

त्या काळी कित्येक माणसांचा पहिला फोटो ती गेल्यावर निघायचा. जिवंतपणी कोणाला आठवण होत नसे, आणि गेल्यावर एकदम सगळ्यांना व्हायची. निरोप आला की हे कॅमेरा घेऊन जायचे. माणसाला भिंतीशी टेकवून बसवलेलं असायचं. मग घरचे लोक आमच्याकडे येऊन सांगायचे, "फोटो छान आलाय, फक्त डोळे उघडून द्या."

हे कसं करतात ते सांगते. मोठा फोटो छापायचा. पापण्यांच्या जागेवर एक औषध बारीक ब्रशने लावायचं, त्याने तिथला काळा रंग उडतो आणि कागद पांढरा होतो. त्या पांढऱ्यावर तीन-शून्य नंबरच्या ब्रशने डोळे काढायचे. बुबुळ, कडा, वरच्या पापणीची सावली आणि बुबुळात एक पांढरा ठिपका. तो ठिपका विसरलात तर माणूस उघड्या डोळ्यांनीही मेलेलाच दिसतो.

अडचण एकच असायची. डोळे कोणाचे काढायचे? मी घरच्यांना विचारायची, डोळे कसे होते? माणसांना नाक सांगता येतं, मिशा सांगता येतात, कपाळावरची खोक कोणत्या साली पडली ते सांगता येतं. डोळे कोणालाही सांगता आले नाहीत. "चांगले होते," म्हणायचे. शेवटी मी ह्यांना खिडकीशी स्टुलावर बसवायची आणि त्यांचे बघून काढायची. ह्यांची डावी पापणी उजवीपेक्षा जराशी खाली होती, आणि नजरेत कायम असा भाव की चहा झाला असेल तर द्या, नसेल तर घाई नाही. गेलेल्या माणसाला ही नजर फार शोभते. हे कुरकुर करायचे, "जिवंत गिऱ्हाइकं सोडून मेलेल्यांसाठी किती बसवतेस?" पण हलायचे नाहीत. असे मी अकरा पुरुष केले. बायकांचं काम कधी आलं नाही. बायकांचा फोटो त्या गेल्यावरही कोणी काढत नसे.

म्हणजे नाशिक जिल्ह्यात अकरा घरांच्या भिंतींवरून आमचे हे बघत होते. आम्ही दोघं यावर हसायचो. कोणाला सांगितलं मात्र नाही.

त्यातला एक महादू. सुरगाण्याकडचा, बायकोला घेऊन सायखेड्याजवळच्या मळ्यावर मजुरीला आला होता. चार दिवसांच्या तापाने गेला. हे त्या रविवारी सायखेड्याला साखरपुड्याचे फोटो काढत होते. कोणीतरी बोलवायला आलं, म्हणून रोलच्या शेवटच्या दोन फ्रेम त्याच्या. तीन-चार दिवसांनी त्याची बायको यमुना आणि तिचा दीर आमच्याकडे आले. तिला सातवा महिना असावा. मी नेहमीचं विचारलं, "डोळे कसे होते त्यांचे?"

ती म्हणाली, "डोळं होतं तसं डोळं. आनि कसं असत्यात?"

दीर म्हणाला, "काळं."

"काळे सगळ्यांचेच असतात."

"मंग तसंच करा," तो म्हणाला.

हे पहिल्या पाळीवरून नुकतेच आले होते आणि खिडकीत चहा पीत बसले होते. बाई त्यांच्याकडे बघत होती. मला वाटलं, तिलाही चहा हवा असेल. मी दिला. पुढच्या आठवड्यात येऊन तिने फोटो नेला. नेताना तो बराच वेळ हातात धरून बघितला.

सगळ्यांना एकच प्रत हवी असे, म्हणून रंगवलेल्या फोटोची मी पुन्हा निगेटिव्ह काढून ठेवत नसे; याचीही ठेवली नाही. माझ्या कामातली ही सगळ्यात मोठी चूक. ती निगेटिव्ह असती तर पुढचं काही झालं नसतं.

गेल्या वर्षी, पितरांनंतर, एक चाळिशीचा माणूस दारात आला. हातात टॉवेलमध्ये बांधलेली फ्रेम.

"मावशी, हा शिक्का तुमचाच ना?" फोटोच्या मागे आमचा रबरी शिक्का होता. मी हो म्हटलं. "मी काशिनाथ. सुरगान्याला जीप हाय माझी. हा माज्या बाबाचा फोटो हाय. म्हंजी व्हता."

यमुनाच्या पोटात होता तो हा.

त्याची आई दरवर्षी पितरांना तो फोटो ओल्या फडक्याने पुसायची. तिकडचा पाऊस, मातीची भिंत, त्यात हे पाणी. ओल आत शिरून फोटो काचेला चिकटला. काशिनाथला वाटलं, काढून उन्हात ठेवावा. त्याने काच ओढली. चिकटलेला फोटो काचेवरून कधी ओढू नये, हे या लेखातून कोणाला कळलं तरी पुष्कळ झालं. सदरा, खांदे, मागची भिंत, सगळं कागदावर राहिलं. तोंड निघून गेलं.

"माज्या हातानं बाबाचं तोंड काडलं, मावशी," तो म्हणाला.

"कॉम्प्युटरवर करून घेतलं नाहीस का?"

"घेतलं की. त्यानं नवीन बाबा करून दिला. लय देखना. आई म्हनली, ह्या पाव्हन्याला चहा पाजा नि वाटंला लावा." हे तो हसत सांगत होता, मग हसू थांबलं. "ती रोज सकाळी फोटोशी बोलायची. भात लावला, शेळी व्याली, कोन मेलं, समदं सांगायची त्याला. आता खिळ्याकडं तोंड करून बसती. धड जेवत बी नाय. सोळा दिवस झालं."

त्याने पेपरात गुंडाळलेली काच उघडली. काचेला कपाळाचा थोडा तुकडा चिकटला होता आणि त्याखाली एक डोळा. पापणी जराशी खाली.

हे जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांचा डोळा सुरगाण्याहून जीपमध्ये बसून परत आला होता. मी खाली बसले. काशिनाथला वाटलं, मला चक्कर आली. त्याने पाणी आणून दिलं.

निगेटिव्ह मिळाली. मी सगळ्या ठेवलेल्या आहेत, बिस्किटांच्या डब्यांत, गावांच्या नावांनी. सायखेड्याचा साखरपुडा, त्याच्या शेपटीला महादू. पण त्या निगेटिव्हमध्ये महादू कसा आहे हे मला माहीत होतं आणि त्याच्या मुलाला माहीत नव्हतं. "तू जा, आठवड्याने ये," म्हणाले. तो जाईना. सोळा दिवस वाट बघितली, आता बघूनच जातो म्हणाला. मग त्याला न्हाणीघरात घेतलं. लाल दिव्यात दोघं ट्रेवर वाकून उभे राहिलो. आधी सदरा आला, मग मिशा, मग सगळं तोंड.

"झोपल्यात का?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

मी फोटो हायपोत टाकला. जरा वेळाने त्याने विचारलं, "मंग डोळं?"

"मी काढले होते."

"कुनाचं बगून?"

"अंदाजाने," मी म्हणाले. खोटं बोलले. चाळीस वर्षं तो ज्याला बाप समजून नमस्कार करत आला तो माझा नवरा आहे, हे न्हाणीघरात उभं राहून कसं सांगायचं ते मला सुचलं नाही.

मग माझ्या डोक्यात आलं की ही जुनी फसवणूक दुरुस्त करायची वेळ आयती चालून आली आहे. मुलगा समोर आहे. बापाचे डोळे कोणाकडे असतील तर याच्याकडे. त्याला खिडकीशी बसवलं. हात आता थरथरतो, म्हणून कोपराखाली उशी घेतली. दोन तास तो पापणी न लववता बसला. डोळे सुरेख उतरले. मला त्या कामाचा अभिमान वाटला, तो वाटला हेही लिहून ठेवते. काशिनाथ फोटो घेऊन गेला.

तिसऱ्या दिवशी फोटोसकट परत.

"काय झालं?"

"आई म्हनली, हे तुजं डोळं हायत. तुला मी रोज बगती."

"अरे, बाबाचेही तसेच असणार. विचार तिला."

"इचारलं ना. ती म्हनली, बाबाचं डोळं मला आठवत नायत. त्याच्यासंगं दीड वरीस काडलं, त्यातलं निम्मं मजुरीत. ह्या फोटोसंगं चाळीस वर्सं काडली. मला ते डोळं पायजेत." मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "ती म्हनली, खिडकीत चहा पीत बसलेला मानूस व्हता, त्याचं. कोन मानूस, मावशी?"

म्हणजे बाईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माहीत असून तिने ते डोळे घरी नेले, भिंतीवर लावले आणि त्यांच्यासमोर पोर वाढवलं. मी चाळीस वर्षं समजत होते की मी तिला फसवलं.

मी काशिनाथला खरं काय ते सांगितलं.

त्याने फ्रेम उचलून खिडकीकडे धरली. मग म्हणाला, "तर बसवा की त्यांना."

"ते नाहीत आता. चार वर्षं झाली."

"असं व्हय," तो म्हणाला. डोक्यावरची टोपी काढून त्याने मांडीवर ठेवली. "मंग मला सुतक धराया पायजे व्हतं."

आठ दिवसांची मुदत मागून घेतली. घरातले ह्यांचे सगळे फोटो काढून बघितले. अर्ध्यांत चष्मा, अर्ध्यांत दुसऱ्या कोणाचा फोटो काढताना एक डोळा मिटलेला. उपयोगाचा एकही नाही, आणि काचेवरच्या त्या तुकड्याचा हात लावताच भुगा झाला होता. शेवटी तसेच काढायला बसले. पहिले काढले ते शेवटच्या वर्षातले निघाले, आजारपणातले, थकलेले. पुसले. दुसऱ्या दिवशी काढले ते रिटायर झाल्यानंतरचे. तेही पुसले. तिसऱ्या दुपारी डाव्या पापणीपासून सुरुवात केली, आणि ते एकोणतीस वर्षांचे, पहिल्या पाळीवरून आलेले, अंगाला तेलाचा वास येणारे, असे माझ्याकडे बघायला लागले. मला रडू आलं. हा रंग पाण्यात विरघळतो, म्हणून ब्रश ठेवून स्वयंपाकघरात गेले, तिथे रडून घेतलं, हात-तोंड धुऊन परत आले आणि पांढरे ठिपके दिले.

या वेळी त्या फोटोची निगेटिव्ह काढून ठेवली. मोबाईलवरही काढला. फोटो काचेला टेकू नये म्हणून दोन्हींच्या मध्ये पुठ्ठ्याची चौकट घातली आणि काशिनाथला बजावलं की आईला सांग, पुसायचं असेल तर कोरड्या फडक्याने.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. फोटो खिळ्यावर गेला होता. मी विचारलं, "आई काय म्हणाली?"

"माज्याशी काय बी नाय बोलली. फोटोला म्हनली, लय दिवस लावलंस. मंग बसली की सांगत, गेल्या महिन्याचं समदं. मी जीप घेऊन बोरगावला जाऊन आलो तरी चालूच व्हतं. आता जेवती हाय."

मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला. मला आनंद झाला आणि त्याच्याबरोबर हेवाही वाटला, आणि हेवा जास्त होता. माझ्याही भिंतीवर ह्यांचा फोटो आहे. रंगीत, चष्म्यातला, चांगल्या स्टुडिओत मोठा करून आणलेला. चार वर्षं त्याचा हार मी न चुकता बदलत होते, पण त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते. फोटोशी काय बोलायचं, असं मला वाटे. फोटो कसे तयार होतात ते मला माहीत आहे.

त्या दुपारी मी त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले. काय काय बोलले ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. उठले तेव्हा दिवेलागण झाली होती.